बोटीच्या लाल गाद्या

कॅम्प ५, उल्हासनगर
१२ जानेवारी २०२५

चि. साईनाथ यास,
भारतीताईचे आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. मी खुशाल नाही, रागावलेली आहे. साखरपुड्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस, मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस. कागद असा कट करता येत नाही, म्हणून ही चिठ्ठी जिज्ञासाबरोबर पाठवते. रविवारी मामाच्या तळ्यावर पाहुण्यांचे फोटो काढायला जायचं तिचं मी बंद केलेलं नाही. भांडण आपल्या दोघांचं आहे, माझ्या पोरीचं नाही.

बोट आणलीस तेव्हा पहिला फोन मलाच केला होतास. आपल्या दगडखाणीच्या तळ्यात लोकांना फिरवायचंय, सीट सगळ्या फाटल्यात, ताई तूच करून दे, असं तू म्हणालास. मी दुकान ह्यांच्यावर टाकून खरवईला आले. उन्हात बोटीत ओणवी होऊन मापं घेतली, खाकी कागदावर साचे कापले. पाणी न पिणारा फोम, उन्हात न तडकणारं रेग्झीन, न गंजणाऱ्या पिना, सगळं बाजारात बोलून ठेवलं. आणि तू ते साचे रबरबँड लावून जिज्ञासाच्या हाती परत पाठवलेस. वर काकांच्या यज्ञेशच्या साखरपुड्यात सगळ्या भावकीसमोर म्हणालास, की ताई सोफ्याच्या खोळी शिवते, बोटीतलं तिला काय कळतं. हल्ली मोबाईलवर बघून कुणीही करतं, कारागीर लागतो कशाला. लोक हसले. मीपण हसले, कारण हातात ताट होतं.

ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हा मी सिंधी शेठच्या कारखान्यात जमिनीवर बसून हा धंदा शिकले. सुरुवातीला कितीतरी महिने मला फक्त जुनं उसवायला देत. रडायला यायचं. पण उसवता उसवताच कळतं, कुठे काय आणि का बसवलेलं आहे ते. तू काहीच न उसवता थेट बसवायला निघालायस.

तरी सांगते, अडेल तिथे विचार. रागावलेय म्हणून सांगणार नाही असं होणार नाही.

आईच्या गुडघ्याला तेल लावायला विसरू नकोस. मीनाला आशीर्वाद. तू लोभ ठेव न ठेव, मी ठेवून आहे.

तुझी,
ताई


खरवई, बदलापूर पूर्व
२ फेब्रुवारी २०२५

ती. भारतीताईस,
साईनाथचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. फोन उचलत नाही, कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होईल.

साखरपुड्यातलं तुला लागलं. पण त्याच्या आधीचं तू लिहिलं नाहीस. मापं घेऊन झाल्यावर ओट्यावर चहा पिताना तू मीनाला म्हणालीस, की बरं झालं मला बोलावलंत, ह्याला साधा खिळा ठोकता येत नाही. मी मागे मोरीत पाय धूत होतो. ऐकलं सगळं.

आणि ते खरं आहे, म्हणून जास्त लागलं. घर कंत्राटदाराने बांधलं, बोट कान्हा चालवतो, झाडांना पाणी त्याची बायको घालते. गावात मला शेठ म्हणतात. बाबांच्या हाताला खाणीतल्या घणाचे घट्टे होते, माझ्या हाताला मोबाईल धरल्याचा एक डाग आहे. मग एक वस्तू स्वतः केली तर कुणाचं काय बिघडलं?

पहिली सीट उसवली, बसवली, परत उसवली. पिन बोटात घुसली, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. मीनाने ‘द्या ना वन्संकडे’ म्हणून डोकं खाल्लं. पण चौथ्या सीटला हात बसला. लाल रेग्झीन, कडेला पांढरी पायपिंग. सीटखालच्या पेट्यांची जुनी झाकणं लाटेवर खडखड वाजायची, म्हणून रेग्झीन वरून थेट खालच्या फळीपर्यंत ओढून पिना मारल्या. आता सगळं एकसंध दिसतं, आवाज नाही की फट नाही. आईला बसवलं तर म्हणाली, मोटारीत बसल्यागत वाटतं.

तू ये आणि बस. बसल्यावर नावं ठेव. त्याआधी नको.

भाऊजींना नमस्कार. राग धरायचा तर धर, पण येणं सोडू नकोस.

तुझा,
साईनाथ


कॅम्प ५, उल्हासनगर
८ मार्च २०२५

साईनाथ,

आज आशीर्वाद लिहायला हात होत नाही.

रविवारी जे झालं त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलले नव्हते. अंबरनाथच्या हॉस्पिटलात तू दाराशी उभा होतास आणि मी तुझ्याकडे बघितलंही नाही, कारण बघितलं असतं तर तोंडातून काय निघालं असतं ते मला माहीत होतं. जिज्ञासा खोकत होती, नाकातोंडातून तळ्याचं पाणी येत होतं. तिनेच मला सगळं सांगितलं. बोट खडकावर घासली, तळाला चीर पडली, पाणी आत आलं, घाबरून सगळे एका बाजूला सरकले आणि बोट कलंडली. पाहुण्यांतली ती म्हातारी पाण्यात गेली आणि तिचा पदर धरायला माझी पोर मागोमाग गेली. कान्हा लाइफ जॅकेटं काढायला धावला. जॅकेटं कुठे होती? सीटखालच्या पेटीत. पेटीचं झाकण कुठे होतं? तुझ्या एकसंध लाल रेग्झीनखाली, पिना मारून बंद. कान्हाने कोयत्याने गादी फाडली, फळी उचकटली, तेव्हा जॅकेट बाहेर आलं. तोवर म्हातारी दोनदा खाली जाऊन वर आली होती आणि खडकावर आपटून तिचा हात मोडला होता.

तुझ्या पत्रात ते झाकणांचं वाचलं होतं मी. वाचून मला वाटलं, ह्याने खडखड बंद केली. पेटीत जॅकेटं ठेवतोस हे मला ठाऊक नव्हतं. मी मापं घेतली तेव्हा पेट्या रिकाम्या होत्या. तू मात्र ती स्वतःच्या हाताने आत ठेवलीस आणि वरून बंद केलीस. पाहुण्यांना उकडतं म्हणून घालायलाही लावली नाहीस. तरीसुद्धा मी ठरवलं होतं, की भाऊ आहे, धास्तावलाय, आत्ता नको बोलायला.

पण आज दुपारी दुकानात एक माणूस आला. धर्मेश नाव, अंबरनाथ पूर्वेला राहतो, त्या म्हातारीचा मुलगा. गिऱ्हाइकं बसली होती, ह्यांच्या हातात कात्री होती. त्याने मोबाईलवर फाटक्या गादीचा फोटो माझ्या तोंडासमोर धरला आणि विचारलं, की हे तुमचं काम ना? माझ्या आईला मारायला निघाला होतात का? मी म्हटलं, हे माझं काम नाही. तो म्हणाला, बोटीच्या मालकाने स्वतः सांगितलंय, की सीट उल्हासनगर कॅम्प पाचच्या प्रोफेशनल दुकानातून करून घेतल्यात, त्यांची चूक आहे. दुकानाचं नावही त्यानेच दिलं.

तू दिलंस. माझं नाव.

जे काम तू माझ्या हातातून काढून घेतलंस, ज्यासाठी चारचौघांत मला खोळीवाली म्हणालास, ते बुडाल्यावर माझ्या दारात आणून टाकलंस. साचे तेवढे परत पाठवलेस आणि पाप ठेवून घ्यायला सांगितलंस. गिऱ्हाइकांतल्या एक बाई शाळेच्या बाकांच्या गाद्यांचं बोलायला आल्या होत्या. नंतर फोन करते म्हणून उठून गेल्या.

धर्मेशने विचारलं, की मग केलं कुणी? हे तोंड उघडणार होते. मी ह्यांचा हात धरला. तुझं नाव माझ्या जिभेवर आलं नाही. आईने लहानपणापासून तेच शिकवलं ना, जाऊ दे गो, भाव हाय तुझा. त्या क्षणी मला तुझ्याइतकाच माझाही संताप आला.

तुला सांगते, विनंती करत नाही. त्या माणसाच्या घरी जा आणि कुणी काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांग. तोवर माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस.

भारती


खरवई
१४ मार्च २०२५

ती. वन्संना,
मीनाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी वाचलं आणि गादीखाली सरकवलं. मी काढून वाचलं, त्याबद्दल ह्यांनी मला बोलून घेतलंय, तुम्हीही बोला.

तुमचं नाव सांगितलंय हे मला तुमच्या पत्रातूनच कळलं. मी विचारलं, का? तर म्हणाले, लोक अंगावर आले होते, कुणी कॉलर धरली, मी केलं म्हटलं असतं तर तिथेच मारलं असतं. तोंडातून निघून गेलं. मी म्हटलं, तेव्हा निघालं ते निघालं, आता भीती कसली? उद्या जाऊन सांगा. उद्या म्हणाले. परवाही उद्या म्हणाले. दिवसभर तळ्यावर जाऊन बसतात, बोटीकडे बघतात.

मग मी कान्हाला बरोबर घेतलं आणि अंबरनाथला गेले. धर्मेशभाईंनी दार उघडून ओळखलं आणि बंद करणार होते, पण आतून त्यांच्या आईने येऊ दे म्हटलं. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की गाद्या माझ्या नवऱ्याने केल्या, कॅम्प पाचच्या दुकानाचा टाकाही त्यात नाही. कान्हाने सांगितलं, की झाकणं बंद झाल्यावर तो शेठना एकदा बोलला होता, जॅकेटं कशी काढायची. शेठ म्हणाले होते, लागतात कुणाला. वन्सं, हे मीपण तिथेच पहिल्यांदा ऐकलं.

बा म्हणजे त्यांची आई चिडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की ती फोटोवाली मुलगी कशी आहे? धर्मेशभाई मात्र पोलिसात तक्रार देणार आहेत. तुमच्या नावाने देणार होते, आता ह्यांच्या नावाने देतील. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. ताट सरकवून उठले. म्हणाले, बायको असून तू मला विकलंस. सासूबाईही माझ्याशी बोलत नाहीत.

आता एक लिहिते, वाईट वाटलं तर वाटू द्या. मला तुमचाही राग आलाय. त्या दिवशी दुकानात तुम्ही गप्प बसलात ती माया मला समजली नाही. तुम्ही सगळ्यांनी ह्यांचं असंच झाकत आणलंय, आणि झाकलेलं निस्तरायला मी या घरात आले. तुमचं तोंड उघडलं असतं तर मला कुणाच्या दारात उभं राहायला लागलं नसतं.

बोटीची चावी माझ्याकडे आहे. जिज्ञासाला जवळ घेते म्हणून सांगा. रागासकट माया असू द्या.

आपली,
मीना


खरवई
२१ मार्च २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

मीना जाऊन आली होती, तरी मी गेलो. दुसऱ्याने सांगितलेलं धरत नाहीत ना. धर्मेशने वर बोलावलं नाही. बिल्डिंगच्या खाली, स्कूटरी लावतात तिथे बोललो. माणसं जमली. गाद्या मी केल्या, झाकणं मी बंद केली, कान्हाने विचारलं होतं तरी ऐकलं नाही, आणि बहिणीचं नाव खोटं घेतलं, असं सांगितलं. कुणी मारलं नाही. एक माणूस नुसता थुंकला, माझ्यावर नाही, बाजूला. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं.

त्यांनी तक्रार दिली आहे. चौकीत जाऊन जबाब लिहून आलो. पुढे काय होईल ते होईल, वकील बघतोय. मी तळं बंद केलंय.

मग तुझ्या दुकानाकडेही आलो होतो. तू उंबऱ्याचं लिहिलं होतंस म्हणून पायरीखाली थांबलो. तू मशीनवर होतीस. भाऊजींनी बघितलं आणि मान वळवली. मी परत फिरलो.

मला सगळ्यात जास्त कशाचा राग येतो सांगू? गाद्या चांगल्या झाल्या होत्या गं. खरंच चांगल्या झाल्या होत्या. माझ्या हाताने आयुष्यात एकच गोष्ट देखणी झाली आणि तिनेच माणसं बुडवली. रात्री मीना झोपली की स्वतःलाच शिव्या घालतो.

केस मिटली आणि परवानगी मिळाली तर बोट नीट दुरुस्त करेन. तेव्हा गाद्या तूच कर. गिऱ्हाईक म्हणून विचारतो, भाऊ म्हणून नाही. नाही म्हणालीस तरी चालेल. लोभाचं लिहायला तोंड नाही.

साईनाथ


कॅम्प ५, उल्हासनगर
२६ मार्च २०२५

चि. साईनाथ यास,
आशीर्वाद. वि. वि.

बाहेर उभा होतास ते मी आरशात बघितलं होतं. गिऱ्हाइकाला दाखवायचा आरसा आहे ना, त्यात. हाक मारली नाही. माझा राग गेलेला नाही आणि तो लवकर जाईल अशी आशा धरू नकोस. जिज्ञासा अजून अंघोळीला डोक्यावरून पाणी घेत नाही, तांब्याने खांद्यावर घेते. ते बघितलं की मला तुझ्या तोंडात मारावंसं वाटतं.

शाळेच्या त्या बाईंचा नंबर जिज्ञासाकडून घेऊन मीनाने त्यांना फोन केला आणि गाद्या कुणी केल्या होत्या ते सांगितलं. मला न विचारता केला. तुझी बायको आपल्या सगळ्यांपेक्षा ताठ आहे, आणि तिने माझ्याबद्दल लिहिलं ते बरोबर आहे. तिला मी वेगळं पत्र लिहिते आहे, ते गादीखाली सरकवू नकोस. आईशी मी फोनवर बोलले. मीनाशी अबोला धरायचा असेल तर माझ्याशीही धर, असं सांगितलंय. रडली. रडू दे.

आता गिऱ्हाईक म्हणून विचारलंयस तर कारागीर म्हणून सांगते. त्या बोटीला गाद्या नको. मी करणार नाही आणि तूही करू नकोस. पुन्हा पाण्यात घातलीसच तर नुसत्या फळ्या ठेव, लोकांना टोचल्या तर टोचू देत. आणि जॅकेटं पेटीत नाही, किनाऱ्यावर माणसाच्या अंगात. घालणार नाही त्याला बोटीत पाय ठेवू द्यायचा नाही, मग तो कुणीही असो. माझा धंदा गाद्यांचा आहे, तरी हेच सांगते.

पाडव्याला आम्ही येतोय. जेवणाआधी बोटीपाशी जाऊ. राहिलेलं रेग्झीन, फोम, पिना, सगळं तू काढायचंस, एकही पिन मागे राहता कामा नये. पकड आणि उसवणी मी दुकानातून आणते. मी हात लावणार नाही. समोर दगडावर बसून बघेन, आणि बघताना जे बोलायचंय ते बोलेन. तू ऐकून घ्यायचंस आणि हात चालू ठेवायचास.

मीनाला सांग, गोड काही करू नकोस. जिज्ञासा येईल की नाही माहीत नाही. तिच्यावर सोडलंय.

तुझी,
ताई