पोथीच्या बासनात राऊटर

व्याहीबुवांना नम्र वंदन. आपला गुडघा जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे, ते अवश्य कळवावे (चौकशीचे कारण पुढे येईल).

मी सुखरूप आहे असे लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहितो. वस्तुतः मी हादरलो आहे! आपल्या कन्येने, म्हणजे आमच्या सूनबाईने, पक्की नोकरी सोडून घरोघरी इंटरनेट पुरवण्याचा व्यवसाय आरंभिला, हे आपण जाणताच (तेव्हापासून आपण तिच्याशी बोलत नाही, हे मी जाणतो). परंतु तो माझ्या पोथ्यांच्या खोलीत मांडला जाईल, असे भाकीत कोणत्याही पुराणात नव्हते. घरात तीच खोली थंड, म्हणून तेथे लोखंडी मांडणी उभी राहिली. तिच्यावर राऊटर, स्विच, बॅटऱ्या आणि शेषाच्या फण्यांसारख्या उभारलेल्या वायरी. ते असंख्य हिरवे डोळे मिचकावताना पाहून माझा जपच चुकला.

तथापि गल्लीतली पहिली घरे जोडली गेली, त्या दिवशी माझे मन द्रवले. सूनबाई गच्चीवर, राऊटर उघडा. धूळ बसेल या कळवळ्याने मी त्यास, ग्रंथास बांधतो तसे, रेशमी बासनात बांधून वर दोन गाठी मारल्या. थोड्याच वेळात तो तापून मूर्च्छित पडला आणि सारी गल्ली इंटरनेटविना! दारात डॉक्टरीणबाई, त्यांच्यामागून शिंपी ओरडला, "आजोबा, बोहनीलाच बोंब? पुन्हा बंद पडलं तर मी चाललो जुन्या कंपनीकडे!" सूनबाईने धावत येऊन गाठी सोडल्या आणि ती एवढेच म्हणाली, "बाबा, त्यालाही श्वास लागतो हो." ती रागावली असती तर बरे झाले असते.

तिजवर नसला, तरी मजवर आपला लोभ असावा.

ता. क. एक जोडणी तुटली तर गिऱ्हाइके टिकवण्यास दुसरी, बिनतारी हवी, आणि तिच्या अँटेनासाठी आमच्या गच्चीसमोर सरळ दिसणारी उंच गच्ची. तंत्रज्ञाने दुर्बिणीतून पाहून निळ्या टाकीची गच्ची सुचवली. सूनबाई म्हणाली, "ती सोडून बोला." दुसरी एकही दिसत नाही. टाकी आपली, हे मी ओळखले.

ता. क. दुसरा. आपण होकार दिलात, असे मी तिला सांगून टाकले आहे. ऐकून ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. हे माझे असत्य सत्य करणे आता केवळ आपल्या हाती. रविवारी सकाळी ती अँटेना घेऊन येईल. गुडघा दुखला तरी गच्चीचे कुलूप आपण स्वतः उघडावे. आणि कृपा करून अँटेनावर काही झाकू नये.