पिक्चरमध्ये सासू नव्हती

पिंपळे सौदागर
३ डिसेंबर २०२४

चि. ऋचा हिस,
अनेक आशीर्वाद. चि.पुढे सौ. लिहायला हात गेला होता, आवरला. फोनवर तू बरंय म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्र.

तू तिकीट पाठवलंस तो पिक्चर मॉलमध्ये जाऊन एकटीनं पाहिला. घटस्फोट झालेली बाई पाठीवर सॅक टाकून डोंगर चढते, परक्यांच्या पंगतीत जेवते, शेवटी हसते. शेजारची बाई रडत होती, मला रडू आलं नाही. पिक्चरमध्ये तिची सासू कुठेच नव्हती. सोयीचं आहे. हे गेले तेव्हा मला सगळ्यांनी देवळात जायला सांगितलं, डोंगरावर कोणी पाठवलं नाही.

आता तूही मेघालयला निघालीस. जाण्याआधी एकदा भेटून जा. निमिष चाकणच्या कंपनीतून सातच्या आत येत नाही, तुझी त्याची गाठ पडणार नाही. तू गेल्यापासून या घरात पुस्तक आलेलं नाही.

लोभ धर म्हणण्याचा हक्क राहिला नाही, तरी धर.
सुमेधा

वाकड
७ डिसेंबर

ती. आईंस,
शि. सा. न. सौ. गेलं ते बरं, तेवढीच शाई वाचली.

मला यायचं आहे. पण आधी एक विचारते. कोर्टात तुमच्या सहीचं प्रतिज्ञापत्र आलं. मी तुमच्या आजारपणात तुम्हाला दोन दिवस उपाशी ठेवलं, असं त्यात आहे. त्या दिवसांत मी तुमच्या पलंगाशेजारी चटई टाकून झोपत होते. माझे वकील म्हणाले, वयस्कर माणसांना कागद वाचायला देत नाहीत, बोट ठेवतील तिथे सही घेतात. मी तेच धरून चालले आहे. तसंच झालं असेल तर एका ओळीत कळवा, रविवारी येते. नसेल तर येणार नाही.

माया असू द्यावी.
ऋचा

पिंपळे सौदागर
१० डिसेंबर

चि. ऋचा हिस,
आशीर्वाद. न वाचता सही केली, असं लिहिलं की तू येणार. दोनदा तसं लिहिलं आणि फाडलं.

मी सातवी शिकलेली, पण औषधाच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा सोडत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? निमिष म्हणाला, आई, वाचून काय करायचंय. तरी सगळा कागद वाचला. मला त्याच्याच घरात राहायचं आहे, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. त्यात माझं वय अडुसष्ट घातलं होतं. ते सहासष्ट करून घेतलं. जेवणाची ओळ तशीच राहू दिली.

प्रवासात तब्येत सांभाळ.
सुमेधा