अंक आतल्या बाजूला ठेवून बसवलेले चार टायर

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
दुसरा मजला, खोली क्र. ७.

अर्जदार : चालक-शिक्षिका, महिला मोटार ड्रायव्हिंग वर्ग.

विषय : सदोष टायरांची तक्रार 'कौटुंबिक बाब' म्हणून निकाली काढल्याबाबत, व ती पुन्हा उघडून चारही टायर बदलून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझा दि. १ जुलै २०२४ चा तक्रार अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे दि. १२ ऑगस्ट २०२४ चे तीन ओळींचे पत्र.

महोदय,

१. संदर्भ क्र. २ चे पत्र मिळाले. त्यात नमूद आहे की, "तक्रारदार व विक्रेता सख्खी भावंडे असल्याने बाब कौटुंबिक स्वरूपाची असून आपसात मिटवावी." आम्ही सख्खी भावंडे आहोत हे खरे आहे. परंतु टायर मी बहीण म्हणून मागून आणलेले नाहीत. ग्राहक म्हणून पूर्ण किंमत देऊन घेतले आहेत व पक्की पावती सोबत जोडली आहे. पावतीवर नात्याचा रकाना नाही. या अर्जात मी त्यांस 'विक्रेता' असेच म्हणणार आहे. लिहिण्याच्या ओघात कोठे 'भाऊ' असे आल्यास ते विक्रेता असे वाचावे.

२. मी गेली सतरा वर्षे बायकांना मोटार चालवायला शिकवते. गाडी एकच आहे, आणि तिच्यावरच माझे घर चालते. विक्रेताही गाडी माझ्याच हाताखाली शिकला. त्याने टायरचे दुकान टाकल्यापासून मी दुसऱ्या दुकानाची पायरी चढलेली नाही. शिकून गेलेल्या बायकांनाही 'माझ्या भावाकडे जा, डोळे झाकून घ्या' असेच सांगत आले. त्यांतल्या किती जणी आज कसल्या टायरांवर फिरत आहेत, हे मला ठाऊक नाही. ही गोष्ट तक्रारीचा भाग धरावी.

३. यंदाच्या फेब्रुवारीत मी चार नवे टायर घेतले. दुकानात दोन कारागीर असताना विक्रेत्याने बाह्या सारून चारही टायर स्वतः बसवले. मला आतल्या केबिनमध्ये पंख्याखाली बसवून चहा पाठवला. "ताईच्या गाडीला दुसऱ्याचा हात नको," असे तो कारागिरांना म्हणाल्याचे मी ऐकले. त्या वेळी मला भरून आले होते, हेही नमूद करते.

४. दि. १८ जून रोजी सकाळी गाडी माझी एक विद्यार्थिनी चालवत होती. या बाई शाळांचे गणवेश व पडदे शिवतात, वय चोपन्न. यांचे पती तीस वर्षे बस चालवत होते व आता काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. त्यांना दर पंधरा दिवसांनी डोळ्यांच्या दवाखान्यात न्यावे लागते. घरची मोटार दारात कापड घालून उभी आहे. ती चालवता यावी एवढ्याचसाठी बाई माझ्याकडे येऊ लागल्या. तो त्यांचा एकोणिसावा धडा होता. वेग चाळीसचा, रस्ता सरळ व कोरडा. पुढचा डावा टायर अचानक फुटला. माझ्या बाजूचा ब्रेक मी दाबला, तरी गाडी ओढली जाऊन रोपवाटिकेच्या भिंतीला धडकली. मी शिकवल्याप्रमाणे बाईंनी स्टिअरिंग शेवटपर्यंत सोडले नाही. म्हणूनच त्यांच्या उजव्या मनगटाचे हाड दोन ठिकाणी मोडले. शिवणकाम करणाऱ्या माणसाचे उजवे मनगट म्हणजे काय, हे आपणांस सांगण्याची गरज नसावी.

५. टायर हमीच्या मुदतीत असल्याने मी बदलून मागितला. तीन दिवसांनी लेखी उत्तर आले. त्यात लिहिले होते की, शिकाऊ चालकाने चाक वारंवार पदपथाच्या कडेवर घासल्यामुळे टायर फुटला, सबब हमी लागू नाही. दुकानाच्या छापील कागदावर, खाली गोल शिक्का आणि माझ्या ओळखीची सही. ते पत्र मी बाईंच्या घरी पर्समधून काढले ही माझी चूक झाली. बाईंनी ते वाचले, घडी घालून परत दिले आणि म्हणाल्या, "माझ्याकडूनच झालं असणार, मॅडम. त्यांना तुमच्यापेक्षा टायरातलं जास्त कळतं."

६. त्यांच्या पतींना मात्र ते पटले नाही. फुटलेला टायर आणून दाखवा, असे त्यांनी मला सांगितले. दाखवा म्हणजे हातात द्या. मी तो त्यांच्या अंगणात नेऊन टाकला. ते जमिनीवर बसले आणि टायरच्या बाजूवरून अंगठा फिरवू लागले, बाहेरून एकदा, मग आतून. आतल्या, म्हणजे गाडीकडच्या, बाजूला त्यांचा अंगठा थांबला. तेथे लंबगोलात चार उठावाचे अंक असतात. पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा सांगतात, नंतरचे दोन वर्ष. त्यांनी अंक एकेक करून वाचले : तीन, एक, एक, सात. म्हणजे सन २०१७ चा एकतिसावा आठवडा. मला 'नवा' म्हणून दिलेला टायर साडेसहा वर्षांचा होता. त्याच संध्याकाळी मी जॅक लावून उरलेली तिन्ही चाके काढली. तिन्हींवर तोच आठवडा, तेच वर्ष, आणि अंक आतल्या बाजूला, जेथे वाकूनही दिसत नाहीत. एखादा टायर तसा बसला असता तर मी योगायोग म्हटले असते. चारही तसेच आहेत, आणि चारही त्याने स्वतःच्या हाताने बसवले आहेत.

७. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. विक्रेत्याने आधी हसण्यावारी नेले. "ताई, टायर काय दूध आहे नासायला?" असे म्हणाला. टायर गोदामात न वापरता पडून होते म्हणजे नवेच, असे त्याचे म्हणणे पडले. चारही अंक आत कसे गेले, असे मी विचारल्यावर तो बराच वेळ काउंटरवरचा पाना इकडून तिकडे ठेवत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "तुझ्या गाडीला वेग असतो तरी किती? शिकाऊ बायकांची गाडी. म्हटलं, चालून जातील." महोदय, टायर जुने निघाले याचे दुःख एका मर्यादेपर्यंत होते. पण गोदामातला खराब माल कोणाच्या गळ्यात मारावा याचा विचार करताना त्याला पहिली मी आठवले. परका ग्राहक अंक तपासतो, बहीण तपासत नाही, हे त्याने बरोबर ओळखले होते. थोरल्या कारागिराने हे बोलणे ऐकले आहे व तसे लिहूनही दिले आहे.

८. आपल्या कार्यालयात तक्रार गेल्यावर विक्रेत्याने दोन टायर बदली म्हणून घरी पाठवले. सोबत एक चिठ्ठी होती : तक्रार मागे घ्यावी. मी ते उजेडात नेऊन पाहिले. तोच आठवडा, तेच वर्ष. आपले निरीक्षक दि. २ ऑगस्टला आले. त्यांनी गाडी दुरून पाहिली, नाते विचारले, आणि घरातले भांडण घरात बरे असा सल्ला देऊन गेले. टायरला त्यांनी हात लावला नाही. त्यानंतर आपल्या आवक विभागाने पुराव्याची मूळ प्रत मागितली, म्हणून मी फुटलेला टायर रिक्षात घालून आणला. तो फायलीत बसत नाही, या कारणाने आवक क्रमांक मिळाला नाही. दुसऱ्या खेपेस टायरचे छायाचित्र आणले, तर मूळ प्रत नाही म्हणून तेही परत केले. तिसऱ्या खेपेस टायर आणि छायाचित्र दोन्ही आणले, तेव्हा तक्रार आदल्याच दिवशी निकाली निघाली असल्याचे समजले. टायर सध्या आपल्या जिन्याखाली आहे. पहारेकरी त्यावर बसतात, त्यास माझी हरकत नाही; परंतु अंक पुसले जाऊ नयेत ही विनंती.

९. आपल्या पत्राप्रमाणे आपसात मिटवण्याचा प्रयत्नही झाला. माझी आई विक्रेत्याकडे राहते. तिने फोनवर विचारले, "चार टायरांसाठी भाऊ तोडतेस का गं?" त्याचे उत्तर आता लिहून देते. मी काही तोडलेले नाही. 'ताईच्या गाडीला दुसऱ्याचा हात नको' असे म्हणत ज्याने टायर बसवले, त्याने ते त्याच दिवशी तोडले होते. मला चार महिन्यांनी कळले इतकेच. आईला भेटायला मी अडीच महिन्यांत गेलेली नाही, कारण तिच्या खोलीकडे दुकानातूनच जावे लागते.

१०. आता मागणी. तक्रार पुन्हा उघडावी. चारही टायर एकाच कंपनीचे, गेल्या सहा महिन्यांत बनलेले, अंक बाहेरच्या बाजूला दिसतील असे, दुसऱ्या दुकानातून बसवून मिळावेत. दोन नकोत व दुरुस्तीही नको. विक्रेत्याच्या गोदामातील त्या आठवड्याचा माल मोजून सील करावा, आणि तो कोणाकोणाला विकला त्यांना कळवावे. मी पाठवलेल्या बावीस बायकांची यादी जोडली आहे. त्यांना मी स्वतः फोन करते आहे. सात जणींची चाके पाहून झाली. त्यांत दोघींच्या गाडीला तेच टायर निघाले.

११. शेवटची मागणी टायरांची नाही. बाईंचे प्लास्टर निघाले आहे. मागच्या सोमवारी त्या वर्गात आल्या आणि मी सध्या भाड्याने घेतलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर बसल्या. पुढे बसा म्हटले तर बसल्या नाहीत. पतींना त्या आता दोन बस बदलून दवाखान्यात नेतात. मी त्यांना दहा वेळा सांगितले की तुमची चूक नव्हती. त्या मान डोलावतात. पण माझे बोलणे तोंडी आहे आणि विक्रेत्याचे पत्र शिक्क्याचे. म्हणून आपण एवढी एक ओळ लेखी द्यावी : दि. १८ जून रोजी टायर फुटला तो जुना असल्यामुळे, चालवणाऱ्या बाईंच्या चुकीमुळे नाही. बाकी निर्णयास उशीर लागला तरी मी थांबेन. ही ओळ आधी द्यावी, आणि तिच्याखाली आपला शिक्का असावा.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
आपली नम्र,

(सही)
चालक-शिक्षिका
दि. ९ सप्टेंबर २०२४

सहपत्रे :
१) खरेदीची पावती.
२) चारही टायरांवरील अंकांची छायाचित्रे, बदली म्हणून आलेल्या दोन टायरांची वेगळी.
३) विक्रेत्याचे हमी नाकारणारे पत्र.
४) थोरल्या कारागिराचे लेखी निवेदन. (नोकरीस धोका असल्याने ते गोपनीय ठेवावे.)
५) बावीस ग्राहक महिलांची यादी.
६) गाडी चालवणाऱ्या बाईंचे निवेदन, डाव्या हाताने लिहिलेले. त्यात त्यांनी सर्व दोष स्वतःवर घेतला आहे. ते फायलीत ठेवावे, परंतु खरे धरू नये.