तुझी पाटी मी उतरवली

आये, आज डॉक्टरीणबाईंनी मला एका यंत्रावर उभं केलं. वजन पाच वर्षांपूर्वीइतकंच भरलं, म्हणून मी खूश. तर त्या म्हणाल्या, "वजन तेच आहे हो, पण आतला माल बदललाय. स्नायू झडले, त्या जागी चरबी आली. दिवसभर बसता, चहा-खारीवर भागवता. चाला, थोडं ओझं उचला, ताटात मासे, अंडी, डाळ वाढवा." रत्नागिरीतल्या माझ्या या दोन खोल्यांत हे सांगायला दुसरं कोण आहे? म्हणून तुला लिहितेय.

तू संध्याकाळी हर्णेच्या लिलावात मासे घ्यायचीस आणि सकाळी ती पाटी डोक्यावर घेऊन डोंगरावरची गावं पालथी घालायचीस. परत आलीस की ताटभर भात आणि वर मासा. तुझ्या पोटऱ्या दगडासारख्या घट्ट होत्या. मला नोकरी लागली तेव्हा मी तुला इथे आणलं आणि दारातच सांगितलं, "आता पाटी सुटली. बसून खा." आपल्यात म्हातारीला बसवून खायला घालणारी लेक म्हणजे केवढी गुणाची! शेजारणींनी तोंडभर कौतुक केलं. मी तुला भांडं उचलू दिलं नाही, जिना चढू दिला नाही. दात पडले म्हणून मासा बंद. मऊ भात आणि दूध-बिस्किटं. दर महिन्याला काट्यावर उभं करायचे. काटा जागचा हलायचा नाही आणि मी म्हणायचे, बघ, कशी ठणठणीत आहेस. एकदा तू लुगडं वर ओढून पाय दाखवलेस. "हे माजे पाय नाय गो. कुनाचे हायत?" मी हसले. महिन्याभरात तू न्हाणीघरात उठता उठता पडलीस, ती पुन्हा उभी राहिली नाहीस.

आता मी संध्याकाळी भाट्याच्या पुलावर चालते, दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन. बघणाऱ्याला वाटावं, बाईच्या घरी नळ नाही. पण विचारत कुणीच नाही. घरी येऊन एकच बांगडा तळते, आणि तो खाताना गप्पा मारायला कुणी नसतं. फार एकटं वाटतं, आये.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून लिहिते. तू म्हणाली होतीस, "मना हितल्या बाजारात पाटी घेऊन बसू दे गो, पाय तरी हलतील." मी म्हटलं, डॉक्टर नको म्हणालेत. मी कुठल्याच डॉक्टरांना विचारलं नव्हतं. माझ्या ऑफिसातल्या बायका त्याच बाजारात मासे घ्यायला यायच्या.