कोळसेवाल्याचा चेहरा

पॅरिस, ९ जून १८७१

पोचलो एकदाचा! तूर गावाहून निघताना आईनं डोळ्यांना रुमाल लावला. काका म्हणाले, जळून खाक झालेल्या शहरात कशाला तडफडायला चाललास? गावाकडची माणसं. शहर जळलंय हे खरं, नगरभवनाच्या नुसत्या भिंती उरल्यात आणि खिडक्यांतून पलीकडचं आभाळ दिसतं. पण कॅफे उघडलेत, बायकांच्या डोक्यावर नव्या टोप्या आल्यात, आणि ती राख बघायला इंग्रज पाहुणे सहकुटुंब उतरलेत, बरोबर फराळाचे डबे घेऊन. दुसऱ्याचं घर जळालेलं बघताना माणसाला भूक चांगली लागते.

माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी मागच्या बागेवर उघडते. घर एका कुलपं बनवणाऱ्याचं होतं. तो बंडवाल्यांत सापडला, घर सरकारजमा झालं, आणि सरकारनं ते माझ्या मालकाला, फोटोग्राफर कोर्बिनेलला देऊन टाकलं. कोर्बिनेल बुटका आहे, मिशीला मेण लावतो, आणि छातीवर पदकासाठी जागा राखून ठेवल्यासारखा चालतो. वरच्या मजल्यावर त्यानं काचेच्या छपराची मोठी खोली केली आहे. इतका सुंदर उजेड मी तूरमध्ये कधी पाहिला नव्हता.

स्वयंपाकाला मादाम तुर्पां म्हणून एक बाई आहे. सशाचं मांस अप्रतिम करते, तोंड मात्र एरंडेल प्याल्यासारखं. मी म्हटलं, मादाम, आता शांतता झाली, जरा हसा. तर म्हणाली, की शांतता झाली तेव्हा मी तळघरात होते, मला तिचा आवाज ऐकू आलाय.

१३ जून

काम कळलं. मोठं मजेचं आहे.

मार्चमध्ये पॅरिसच्या कामगारांनी बंड करून शहर ताब्यात घेतलं, तेव्हा हे सगळे मंत्री शेपूट घालून व्हर्सायला पळाले होते. राजवाड्याच्या आरसेमहालात खाटा टाकून निजायचे म्हणे. मेअखेर फौजेच्या पाठीमागून परत आले, आणि आता चालतात असे, की तोफा जणू यांनीच ओढत आणल्या. त्यांना आता चित्रं हवीत: बंडवाले किती रानटी होते ते जगाला दाखवणारी. अडचण एवढीच, की त्या त्या वेळी तिथं कॅमेरा नव्हता.

मग आम्ही कशाला आहोत? नाटकमंडळीतले बेकार नट आणायचे, बंडवाल्यांचे कपडे चढवायचे, बागेत उभं करायचं, फोटो काढायचा. तुरुंगातल्या कैद्यांचे फोटो पोलिसांनी दिलेच आहेत. त्यातली मुंडकी मी कातरीनं कापायची आणि नटांच्या धडांवर चिकटवायची. जोड दिसू नये म्हणून वरून कुंचला फिरवायचा आणि सगळ्याचा पुन्हा फोटो घ्यायचा. झाला इतिहास तयार.

मी विचारलं, लोक ओळखणार नाहीत? कोर्बिनेल म्हणाला, अरे बाबा, लोकांना खरं कुठं हवं असतं, त्यांना बघायला हवं असतं.

बंडवाल्यांची मला कीव येत नाही. जोडे शिवणारे, शिंपी, हमाल. दोन महिने राज्य मिळालं, तर रस्त्यातल्या दगडांच्या ढिगावर चढून, छाती काढून फोटो काढून घेतले. त्याच फोटोंवरून पोलीस आता त्यांना घरोघर हुडकतायत. इतकी हौस असलेल्याला कोण वाचवणार?

१७ जून

आज बागेत पहिला प्रसंग उभा केला: बंडवाले एका बांधलेल्या म्हाताऱ्या न्यायाधीशाला गोळ्या घालतायत. न्यायाधीश झाला होता बालांदिए नावाचा जाडा नट. त्याची कुरकुर संपता संपेना. मरायचं तर एकदाच मरू द्या, पुन्हा पुन्हा काय मारता, असं म्हणून सगळ्यांना हसवत होता. मला म्हणाला, शहाण्या एवारिस्ता, माझ्या धडावर कुणाचं तरी देखणं मुंडकं लाव, बायकोला दाखवायचंय.

मागची भिंत नुकतीच चुन्यानं रंगवलेली आहे. उजेडाला छान, फक्त छातीच्या उंचीला खड्डेच खड्डे. चुन्यानं ते बुजलेले नाहीत.

बागेत आंबटचुका मस्त फोफावलाय. मादाम तुर्पांला म्हटलं, याचं सूप करा की. ती म्हणाली, बाजारातून आणीन. मी म्हटलं, दारात असताना? तिनं पिशवी उचलली आणि बाजाराला निघाली. या वर्गाच्या डोक्यात काय चालतं देव जाणे.

१९ जून

फोटो ज्या काचेवर उमटतो, ती काच धुऊन उजेडात धरली. नटांच्या मागं, भिंतीला पाठ लावून माणसं उभी आहेत. आम्ही उभी केलेली नाहीत.

फोटो घेताना कुणी मध्ये आलं असेल म्हणावं, तर हलणारा माणूस काचेवर धुरासारखा उमटतो. ही माणसं नटांपेक्षाही रेखीव आलीत. छाती पुसट आलीय, त्यावरून बालांदिएचा श्वास काचेवर दिसतोय. यांचा नाही. एक बाई एप्रन बांधलेली, एक म्हातारा पायात फक्त मोजे घातलेला, आणि मधोमध एक दणकट माणूस, पोतं पांघरल्यासारखा कोट, हात खाली सोडलेले.

कोर्बिनेल म्हणाला, जुनी काच नीट पुसली गेली नसेल, आधीचं चित्र वर आलं. पटलं. भिंतीच्या रंगाचा हात मारून ती सगळी बुजवली. पण मालकाला घाई, त्यानं त्याआधीच एक प्रत काढून पुलाजवळच्या दुकानात पाठवली होती. कंजूष माणूस, नव्या काचा घेईल तर शपथ.

२२ जून

नवी कोरी काच. मी स्वतः खोक्यातून काढली.

तरी आहेत. जास्त आहेत. मागच्या फोटोत बंदुकांकडे बघत होते. आज कॅमेऱ्याकडे बघतायत.

मादाम तुर्पांला गाठून विचारलं. भांडी घासता घासता, मागं न वळता तिनं सांगितलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात सैनिकांनी या गल्लीतली माणसं बागेत हाकलून आणली. चौकशी वगैरे काही नाही. हात पुढे करायला लावायचे. काळे दिसले, की बंदुकीची दारू ठासणारे हात म्हणून भिंतीकडे. खड्डेही तिथंच खणले, घाईत, उथळ. मी विचारलं, मग हे आधी का सांगितलं नाहीत? ती म्हणाली, तुम्ही हसायला सांगितलं होतं.

माझी बोटं औषधांनी काळी झालेली असतात. मी ती खिशात घातली, आणि मग स्वतःचाच राग आला. मेले ते मेले. निरपराध असते तर या गल्लीत कशाला राहिले असते?

२६ जून

आज एक बाई आली. युलाली व्हिदाल, ओव्हेर्न्यच्या डोंगराकडची; बोलण्यावरूनच कळलं. नवरा आमाब्ल, कोळसा विकायचा. तिनं पुलाजवळच्या दुकानात तो फोटो पाहिला होता.

म्हणाली, साहेब, तुमच्या फोटोत मधोमध आमचा माणूस आहे. जिवंतपणी एकदाही फोटो काढला नाही त्यानं. म्हणायचा, काळं तोंड घेऊन काय फोटो काढायचा, रविवारी धुऊ तर दे. तो तेवढा कापून द्या. पोरगी लहान आहे, विसरून जाईल.

मी सांगितलं, बाई, तिथं कुणी नाही, तो उजेडाचा दोष आहे.

ती म्हणाली, कोपरावरचं ठिगळ मी लावलंय. उजेडाला शिवता येतं होय?

माझं डोकं फिरलं. कोळसेवाल्याची बायको मला उजेड शिकवणार! बावीस तारखेची काच काढली, चाकू घेतला आणि तिच्या देखत त्या माणसाचा चेहरा खरवडून काढला. कपाळ, डोळे, तोंड, सगळं. म्हटलं, बघा, आता कोण आहे?

ती रडली नाही. काचेकडे बघत राहिली. मग म्हणाली, “गोळ्या घालणाऱ्यांनी तोंड तरी जागेवर ठेवलं होतं, साहेब.”

जाताना दार हळूच ओढून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

२८ जून

पुन्हा प्रसंग, पुन्हा नवी काच. ते आता भिंतीशी नाहीत. पुढे आलेत, नटांच्या मध्ये उभे आहेत, बालांदिएच्या खांद्याला खांदा लावून. सगळ्यांच्या पुढे कोळसेवाला. कागदावर उमटल्यावर चेहऱ्याच्या जागी काळं भोक. पण या काचेला मी चाकू लावलेलाच नव्हता.

बाकीचे माझ्याकडे बघतात. रागानं नाही. राग असता तर मी समजू शकलो असतो. जोड्याला काहीतरी चिकटलंय, ते कशावर पुसावं, अशा नजरेनं. मी, सात पिढ्यांचा लिहितावाचता माणूस — आणि ही हमाल-धोबिणींची जात —

बालांदिएनं फोटो पाहिला. विनोद केला नाही. म्हणाला, मानेशी कुणीतरी उभं आहे असं सारखं वाटत होतं, श्वास मात्र येत नव्हता. न्यायाधीशाचा झगा अंगावर तसाच ठेवून चालता झाला.

३० जून

गृहखात्याचे कुणी बडे अधिकारी स्वतःचा फोटो काढून घ्यायला आले. बागेत नाही. वर, काचेच्या खोलीत. मार्चमध्ये हा कोळशाच्या गाडीत लपून पळाला होता म्हणे, पण आज तलवार लावून बसला होता.

काच धुतली, तर त्याच्या खुर्चीमागं ते रांगेनं उभे. घरात.

कोर्बिनेलला दाखवलं. मला वाटलं होतं त्याला दिसत नसतील. दिसतात. पहिल्या दिवसापासून दिसतात. त्याला काही वाटत नाही, एवढंच. म्हणाला, बुजव की, तुला ठेवलंय कशाला?

२ जुलै

बुजवलं नाही.

खरवडलेली काच घेतली, बारीक पेन्सिल घेतली आणि चेहरा पुन्हा काढायला बसलो. हे काम माझ्याइतकं सफाईनं फ्रान्समध्ये कुणी करत नाही. मी तो चेहरा नीट पाहिला होता. रुंद कपाळ, जाड भुवया. हात आपोआप चालला.

कागदावर उतरवला. माझा चेहरा आला.

पुसून पुन्हा काढला. पुन्हा मीच. मान खाली घातलेला.

३ जुलै

तरी घेऊन गेलो तिच्याकडे. का, माहीत नाही. कोळशाच्या वखारीत ती पोती उचलत होती. लहानगी ढिगाशी खेळत होती, तोंडभर काळी.

युलालीनं फोटो बघितला, मग मला बघितलं. म्हणाली, हे तुम्ही आहात. आमचा माणूस मान खाली घालून उभा राहणारा नव्हता.

मी म्हटलं, चूक झाली. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेल.

ती म्हणाली, चूक कुठली साहेब, तुमचा धंदाच तो आहे. मग फोटो परत दिला, दोन बोटांनी धरून, आणि हात एप्रनला पुसले. काळे हात. मला शिवल्यावर पुसले.

४ जुलै

कोर्बिनेल पदक घ्यायला व्हर्सायला गेलाय. नवा कोट, मिशीला दुप्पट मेण. मादाम तुर्पांही निघाली, भावाकडे. चुलीवर सूप ठेवून गेली. जाताना म्हणाली, की तुम्हीही निघा, ते आता जिन्यात उभे असतात, मी त्यांना वाट देऊन भांडी नेते.

मी म्हटलं, मला तर दिसत नाहीत.

ती म्हणाली, कॅमेऱ्यातून बघायची सवय ना तुम्हाला.

५ जुलै, दुपार

गाठोडं बांधलं. बागेकडचं दार — आतून उघडत नाही. पुढचंही नाही. बाहेर गल्लीत सैनिक हसतायत, एक बाई गाजरं विकतेय. हाका मारल्या. कुणी मान वर केली नाही.

काचेच्या खोलीत आलो. इथं ऊन आहे. कॅमेऱ्यातून जिन्याकडे बघितलं. काळं कापड डोक्यावर घेतलं आणि —

उलटे दिसतात त्यात. डोकी खाली, पाय वर. जिना भरलाय. वर येतायत. घाई नाही त्यांना.

५, पुन्हा

आता कापड नको. तसेच दिसतात.

ढकलत नाहीत. ओरडत नाहीत. एप्रनवाल्या बाईनं मला बाजूला हो अशी खूण केली, घरात कुत्रं आडवं पडलेलं असावं तशी. मी झालो बाजूला. मी, बाजूला —

भिंतीशी उभे राहिले. फोटो काढून घ्यायला. खुर्ची त्याला सोडली. कोळसेवाल्याला.

बसलाय. कोट झटकला, कोपरावरचं ठिगळ दिसतंय, बारीक टाके. हात मांडीवर. चेहरा नाही. सगळे माझ्याकडे बघून थांबलेत, काम चुकवणाऱ्या नोकराकडे बघावं तसे —

मी म्हटलं, काढतो, काढतो फोटो, काच आणतो. त्यानं मान हलवली. असा नको म्हणे. चेहऱ्याशिवाय नको. पोरीला दाखवायचाय.

म्हातारा माझ्या टेबलापाशी गेला. कापून ठेवलेल्या फोटोंचा खोका उघडला. मुंडकी उलटीपालटी केली, एकेक बघून खाली टाकली. नाही म्हणाला. यातलं नको.

आता कातर उचलली. जोड दिसता कामा नये, असं ती बाई त्याला — माझेच शब्द — माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवतायत, किती थंड हात, मी लिहितोय तोवर थांबा, एवढं वाक्य पुरं होऊ द्या, माझं नाव एवारिस्त, मी तूरचा, माझा चेहरा रुंद नाही, बघा ना, मुळीच जुळत ना