उष्णतेचं औषध

आई, आज दवाखाना लवकर बंद केला. दमलेय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी थकले की तुझ्याशीच भांडावंसं वाटतं.

मी दहावीत होते. तू भाकरी थापत होतीस आणि मी खाली मान घालून सांगितलं, की लघवीच्या जागी फार खाज सुटते, आग होते. तू भाकरी तव्यावर टाकलीस आणि एवढंच म्हणालीस, "कुणापाशी बोलू नको." औशाच्या डॉक्टरांचा कंपाउंडर आपल्याच गल्लीतला. म्हणून गल्लीला सांगितलंस की माहूरला देवीला चाललो, आणि मला एसटीनं नांदेडला नेलंस. तिथे डॉक्टरांनी मला विचारलं, काय होतंय बाळ? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "उष्णता झालीया पोरीला. लई तिखट खाती." त्यांनी थंडाव्याचं पातळ औषध लिहून दिलं. मग देवीच्या नावानं खोटं बोललो तर पाप लागेल, म्हणून तू मला खरोखरच माहूरला नेलंस. ती आग सोसत मी गडाच्या पायऱ्या चढले, आणि परत आल्यावर तू गल्लीभर देवीच्या प्रसादाचा तांबूल वाटलास. खाज पुढे कित्येक महिने तशीच राहिली. मला तुझा राग यायचा, आई. अजून येतो. तू माझी अब्रू पदराखाली झाकत होतीस हे कळतं, तरी येतो.

आता लातुरात शिकवण्यांसाठी खोल्या करून राहणाऱ्या पोरी माझ्याकडे येतात, तोंडाला स्कार्फ बांधून. आधी दार लागलंय का बघतात, मग विचारतात, "मॅडम, घरी फोन करणार नाहीत ना?" मी सांगते, जिवावरचं काही असलं तर घरी सांगावं लागेल, पण तेही आधी तुला सांगून; बाकीचं इथंच राहील. रोज तेच बोलून तोंड दुखतं. आज निलंग्याची एक आई लेकीला घेऊन आली. लेकीच्या आधी तीच म्हणाली, "उष्णता झालीया." मी तिला बाहेर बसायला सांगितलं, तर भडकली. "आईपासून काय चोरून ठिवायचं हाय तिला? न्हाई जात मी." शेवटी गेली, पण डोळे पुसत. दार लागल्यावर पोरगी एका दमात सगळं बोलली. आठवडाभराच्या औषधाचं साधं दुखणं, आणि तिनं ते वर्षभर अंगावर काढलं होतं.

एरवी मी त्या आईवर चिडले असते. आज चिडता आलं नाही. तू न पाहिलेली तुझी नात आता सोळाची आहे. मागच्या आठवड्यात ती मला म्हणाली, "मला दुसऱ्या डॉक्टरांना दाखव. तुला नको." घरात डॉक्टर आई असून! मी तिला नांदेडला माझ्या मैत्रिणीच्या दवाखान्यात नेलं. मैत्रीण मला म्हणाली, "तू बाहेर बस गं." मी हसून बाहेर आले. बऱ्याच वेळानं पोरगी आली आणि तिनं उसाचा रस मागितला. काय झालं विचारलं, तर म्हणाली, "काही नाही गं, होईल बरं." फार जिव्हारी लागलं.

हे पत्र धाडायचं तरी कुठे? असू दे इथंच. पण एक सांगून टाकते. मैत्रिणीच्या दवाखान्यात मी बाहेरच्या बाकड्यावर बसलेच नव्हते, आई. दाराला कान लावून उभी होते. आतल्या पंख्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. आलं असतं तर मागे सरले असते, असं तुझ्यापुढेसुद्धा शपथेवर म्हणवत नाही.