उणे तीसचा तेजोमेघ

३ नोव्हेंबर
कॅमेरा आला. खास आकाशाच्या फोटोंचा, आतून गार होणारा. मेहुण्याकडे असाच आहे, पण तो बिचारा उणे दहा अंशांवर चालवतो. मी उणे तीसवर चालवणार. जितका गार, तितका फोटो स्वच्छ. मेहुणा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणाऱ्या माणसाने रात्री आकाशात डोकावूच नये. खगोल मंडळाच्या प्रदर्शनात दरवर्षी सगळी भिंत त्याच्याच फोटोंची. यंदा त्या भिंतीवर माझं नाव लागणार. लागलंच पाहिजे.

४ नोव्हेंबर
मॅन्युअल म्हणतं, कॅमेऱ्यातल्या ओल शोषणाऱ्या गोळ्या आधी ओव्हनमध्ये भाजून कोरड्या करा. मी कॅमेरा घेतलाय की स्वयंपाकाचा क्लास लावलाय? तेवढ्यात मेहुण्याचा फोन. भावोजी, गोळ्या भाजल्यात ना, म्हणे. निव्वळ पोटदुखी. फोन आपटला.

९ नोव्हेंबर, सकाळ
शोध लागला! देवयानी दीर्घिकेच्या फोटोत मधोमध, किंचित डावीकडे, फिकट पांढरा, काटेरी कडांचा ढग. एकाही कॅटलॉगमध्ये नाही. म्हणजे माझा. शिवाय वाढतोय. पहिल्या फोटोत लिंबाएवढा, शेवटच्या फोटोत पपईएवढा. एका रात्रीत इतका वाढणारा तेजोमेघ आजवर कोणी पाहिलेला नाही.

१२ नोव्हेंबर
मृग नक्षत्राकडे दुर्बीण वळवली. तिथेही तोच ढग, त्याच जागी. बायको म्हणाली, आकाश वेगळं आणि डाग तोच, म्हणजे खोट कॅमेऱ्यात. शेवटी भावाचीच बहीण. तिला समजावलं की हा तेजोमेघ अर्धं आकाश व्यापून बसलाय. मग नुसत्या डोळ्यांनी का दिसत नाही, म्हणे. विम्याचे दावे फेटाळण्यात माझी हयात गेली. असले प्रश्न मी विचारतो. मला कोणी विचारायचे नसतात.

१३ नोव्हेंबर
ठराव : बायकोशी खगोलशास्त्रावर एक शब्द बोलायचा नाही.
दुपारी : तिच्या लक्षातही आलेलं नाही.

१६ नोव्हेंबर
मंडळाच्या ग्रुपवर शोध जाहीर केला. मेहुण्याने लिहिलं, भावोजी, एकदा तपासून घेऊ. घेऊ म्हणे! हा कोण टिकोजीराव? सगळ्यांसमोर ठणकावलं, शोध खोटा ठरला तर कॅमेरा तुझा, खरा ठरला तर भिंत माझी. अध्यक्षबाईंनी ताबडतोब अंगठा पाठवला. आता बघतोच एकेकाला.

२१ नोव्हेंबर
भरदुपारी मंडळाच्या हॉलमध्ये सगळे जमले. कॅमेरा उणे तीसवर. मेहुण्याने अध्यक्षबाईंचा पांढरा रुमाल मागून घेतला, दुर्बिणीच्या तोंडावर ताणून बांधला, दुर्बीण खिडकीकडे रोखली आणि फोटो काढला.
रुमालाच्या मधोमध, किंचित डावीकडे, माझा तेजोमेघ.
कॅमेऱ्यातली ओल सेन्सरवर गोठते, बर्फ धरतो, गोळ्या भाजल्या असत्या तर, वगैरे वगैरे. दात काढता काढता हसायची सवय लागलीय त्याला. मी म्हटलं, रुमाल धुतलेला नसेल. हे बोलायला नको होतं. अध्यक्षबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलंय.

२२ नोव्हेंबर
कॅमेरा देणार नाही. ग्रुपवर लिहिलेल्याला काडीची किंमत नसते, हे मी ऑफिसात रोज लोकांना ऐकवतो.
संध्याकाळी : बायको देऊन आली. शब्द म्हणजे शब्द, म्हणाली. गोळ्यासुद्धा आमच्याच ओव्हनमध्ये भाजून दिल्या. घरचा भेदी तो हाच.

७ डिसेंबर
प्रदर्शन. जाणार नव्हतो. गेलो.
भिंतीवर मृगातला खरा तेजोमेघ, माझ्या कॅमेऱ्याने काढलेला. उणे दहावर. इतका सुंदर आलाय की मी दोनदा मागे फिरून बघितला. खोटं कशाला बोलू, भयंकर वाईट वाटलं. खाली ठळक अक्षरांत मेहुण्याचं नाव. त्याच्याखाली बारीक अक्षरांत 'कॅमेरा सौजन्य' आणि पुढे माझं पूर्ण नाव.
म्हणजे नाव लागलं. फक्त अक्षरं इतकी बारीक की वाकल्याशिवाय वाचता येत नाहीत. मी दुपारभर तिथेच उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला जरा वाका म्हणत होतो. माणसं भलतीच ताठ. बायको तेवढी वाकली, तीसुद्धा हातातून पडलेली किल्ली उचलायला.